थाळीवाल्याची बिनदांडीची सायकल

...आणि मग ऊथोनं डुकराचा पाय सायकलच्या पोटात अडकवला, शेजारी दारूचा तांब्या टांगला, थाळीवर एक दणदणीत ठोका दिला आणि निघाला. काल चहा संपला तेव्हा मी इथवर आलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्या मनात आत्ता काय चाललंय ते मला कळतं. डुकराचा पाय कशाला, आणि सायकलला पोट कुठून आलं? तर थोडं मागं जाऊ. मागं जायला मला कष्ट पडत नाहीत. या वयात रिव्हर्स गियर तेवढा शाबूत राहतो.

कांग ऊथो हा आमच्या सांखेंगचा थाळीवाला. आमच्या देवळातली देवी, माझूआई, दर वसंतात पालखीत बसून डोंगरावरच्या तिंगलूनला जाते, तिथल्या देवीला भेटायला. पालखीच्या पुढं, बरंच अंतर राखून, एक माणूस चालतो. अंगात उलटं घातलेलं मेंढीच्या कातड्याचं जाकीट, डोळ्यांवर बिनकाचेचा चष्मा, एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. एका पायात गवती चप्पल, दुसरा पाय अनवाणी. खांद्यावर छत्री, तिला डुकराचा पाय आणि दारूचा तांब्या बांधलेला, हातात काशाची थाळी. दिसायला विदूषक, पण मान मोठा. "आई येतेय हो, वाट सोडा!" असं ओरडत तो सगळ्यांच्या आधी जातो. त्याच्यापुढं वाटेवर कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि एकदा निघाला की त्यानं मागं वळून बघायचं नाही.

ऊथोचा बाप थाळीवाला होता, बापानंतर ऊथो. खाली हौलीला सायकलींच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा, तेव्हाही पालखीच्या दिवशी तो कामावर गेला नाही. साहेब रागावायचा, ऊथो परतताना त्याच्यासाठी प्रसादाचा लाल दोरा घेऊन जायचा, साहेब तो मनगटाला बांधून पुन्हा रागावायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. मग ऊथो निवृत्त झाला, नाशपातीची बाग बघू लागला, आणि एका दुपारी फळांना कागदी पिशव्या घालताना शिडीवरून पडला. खुब्याचं हाड गेलं. शहरातल्या डॉक्टरांनी तिथं धातूचा गोळा बसवला. ऊथोनं एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "बसवलाय सफाईनं. कारखान्यात पास झाला असता."

पण त्या वर्षी तो लंगडत निघाला आणि बांबूच्या बनाशी पालखीनं त्याला गाठलं. असं कधी झालं नव्हतं. थाळीवाल्याला ओलांडता येत नाही म्हणून पोरांनी पालखी जागच्या जागी नाचवत ठेवली, ऊथो पुढं सरकेपर्यंत. पण खाली आल्यावर देवळाच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. नूडलवाल्याचा जावई उंच आहे, आवाज खणखणीत आहे, त्याला द्या थाळी.

पुढच्या वर्षी धूपदानीचा मानकरी म्हणून कौल माझ्या नावाला लागला, म्हणजे थाळी कुणाकडं द्यायची ही भानगड माझ्याच गळ्यात. मी ऊथोच्या घरी गेलो आणि सरळ सांगितलं, "ऊथो, यंदा पालखी तुला गाठता कामा नये. तू तिच्या आधी तिंगलूनच्या पायरीशी असलास तर थाळी तुझी, तुझे हातपाय चालताहेत तोवर. पालखीनं गाठलं, तर मला ती जावयाकडं द्यावी लागेल."

तो नाशपातीचं साल काढत होता. साल तुटू न देता म्हणाला, "यानदादा, चालायचं म्हटलं की खुबा आरडाओरडा करतो. सायकलवर बसलो की गप्प असतो. थाळीवाल्यानं सायकलवरून जाऊ नये असं कुठं आहे?"

"कुठं नाही. पण असं कुणी गेलंही नाही."

"पाय तेवढा दांडीवरून पलीकडं टाकता येत नाही. डॉक्टर म्हणाले, उंच उचलायचा नाही, आडवा फेकायचा नाही."

"मग बसणार कसा?"

तेव्हा तो उठला आणि मागच्या पडवीतून, खताच्या पोत्यांखालून, ती वस्तू काढून आणली.

मी सायकली खूप बघितल्यात. आमच्याकडं मूल चालायला लागायच्या आधी कारखान्याचा भोंगा ओळखतं. पण ही बघून मी भोवती दोन फेऱ्या मारल्या. पुढच्या चिमट्यापासून निघालेली एकच जाड नळी, चांगली बांबूच्या पेराएवढी, झुकत झुकत पायडलपाशी गेलेली. वरची दांडी नाही. सीटखालची उभी नळी नाही. सीट एका लांब पट्टीच्या टोकावर, आणि पट्टी त्या नळीच्या खालच्या भागातून निघून मागं वर अधांतरी, तळ्यात उडी मारायच्या फळीसारखी. मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्याही चेनच्या खालून न जाता वरून गेलेल्या. मधे सगळं मोकळं. मी बघत असतानाच ऊथोच्या बायकोची, किमहियाची, कोंबडी त्यातून आरपार गेली.

"हे काय आहे?"

"डोंगरात चालवायची फ्रेम. एके काळी अमेरिकेहून अशा मागण्या यायच्या. रोज नवीन सोंग. कुणाला चेन मोकळी हवी, कुणाला सीट डुलती हवी. आम्ही जोडत गेलो. मग एक दिवस मागण्या बंद झाल्या, ही भंगारात निघाली. मी उचलून आणली. का, ते मलाही सांगता यायचं नाही."

"मी सांगते," किमहिया आतून म्हणाली. "घरात जागा उरली होती ना थोडी."

मी त्या पट्टीवर हात दाबला. खाली गेली, वर आली. परत दाबला. खाली गेली, वर आली. त्या दिवशी जेवायला मला बोलवायला माणूस पाठवावा लागला.

आता तेहोकविषयी सांगायला हवं. पान तेहोक हा किमहियाचा धाकटा भाऊ, देवळाखाली त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तोही हौलीच्या कारखान्यातलाच, पण तपासणी खात्यातला. ऊथो फ्रेमा जोडायचा आणि तेहोक त्या मोडायचा. म्हणजे त्याच्याकडं एक यंत्र होतं, ते पायडलवर डाव्या-उजव्या लाथा घालत बसायचं, फ्रेमला चीर पडेपर्यंत. दोघं एकाच बसनं घरी यायचे आणि बसभर भांडायचे. लोक त्यांच्या मागची सीट धरायला धावायचे.

ऊथो ती सायकल ढकलत देवळापुढच्या चहाच्या टेबलापाशी आला तेव्हा तेहोक सुपारी चघळत होता. चघळायचा थांबला.

"दाजी, ही सायकल आहे की खुर्ची मोडलीय?"

"खुर्चीच आहे. तुझ्या सायकलवर माणूस बसतो कुठं? वाळत घातल्यासारखा दिसतो."

"ही डोंगरात नेणार?"

"आईच्या पुढं नेणार."

तेहोकनं चष्मा लावला. वाकून पायडलच्या गाळ्यापाशी, जिथं ती जाड नळी येऊन मिळते, तिथं नखानं टकटक केलं. "इथं चिरते. ह्या जातीच्या सगळ्या इथंच चिरायच्या. मी स्वतः चिरल्यात."

"ठाऊक आहे. आतून तुकडा लावलाय."

"म्हणजे कबूल!"

"चिरायच्या, कबूल. पण तुझं यंत्र न थांबता, न जेवता लाथा मारायचं. मी तिंगलूनला चाललोय तेहोक, अमेरिकेला नाही."

टेबलाभोवती माणसं जमली. तेहोकनं तीन काड्या घेतल्या, रबरानं टोकं बांधली. "बघा. त्रिकोण. ओढा, दाबा, हलत नाही. आता चार काड्या. बघा, कशी लुळी पडली. दोन त्रिकोण एकमेकांना चिकटवले की झाली सायकल. आजोबांच्या आजोबांपासून हेच चाललंय. ते सगळे वेडे होते?"

"सपाट रस्त्यावर शहाणेच होते," ऊथो म्हणाला. "पण तुझ्या त्रिकोणात मागचं चाक किती चिंचोळ्या जागेतून फिरतं ते सांग. आमच्या डोंगराची लाल माती ओली झाली की तिथं भरते, चाक जाम. चेन खालच्या नळीवर आपटते, मधे अडकते. माझ्याकडं नळीच नाही, अडकेल कशात?"

"आणि चढावर? पायडल मारलंस की अर्धा जोर पट्टी खाणार. तू वरखाली नाचशील, सायकल जागच्या जागी!"

"नाचेन की. आईच्या पुढं नाचायचंच असतं."

लोक हसले. तेहोक हसला नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि ओढ्यापाशी? तिथं सायकल उचलावी लागते. माझी खांद्यावर चढते, त्रिकोणात खांदा घातला की झालं. तुझी कशाला धरून उचलशील? पोकळीला?"

यावर ऊथोनं चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. कपात घोटभरच चहा मावतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी घरी गेलो आणि रात्रीच्या जेवणाआधी चॉपस्टिक्स घेऊन बसलो. तीन बांधल्या, घट्ट. चार बांधल्या, लुळ्या. तेहोकचं खरं होतं. मग एक बांबूची पातळ कामटी घेतली, एका टोकाला पक्की बांधली, दुसऱ्या टोकावर चहाची बरणी ठेवली आणि टेबलावर मूठ आपटली. टेबल हादरलं, बरणी नुसती डोलली. ऊथोचंही खरं होतं! मला इतका आनंद झाला की परत आपटली. बायको म्हणाली, "आता जेवायचं कशानं, बोटांनी?"

दोघांचं खरं असेल तर निकाल लागायचा कसा? आमच्याकडं अशा वेळी देवीला विचारतात. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी असतात. टाकल्यावर एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. दोन्ही उताण्या पडल्या तर देवी हसली, प्रश्न नीट विचारा. आणि मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीन होकार लागतात.

मी मानकरी, म्हणून आधी मी विचारलं. "आई, तुझ्या थाळीवाल्यानं सायकलवरून गेलेलं चालेल का?" कोरी टाकल्या. दोन्ही उताण्या. देवी हसली. परत विचारलं, परत हसली. देवळात सगळ्यांनाच हसू फुटलं. मग मी म्हटलं, "आई, थट्टा पुरे, त्याचा खुबा गेलाय," तेव्हा लागोपाठ तीन होकार आले.

आता इथं थांबायला हवं होतं. पण तेहोक गुडघे टेकून बसला. "आई, दोन त्रिकोणांची फ्रेम भक्कम आहे ना?" होकार, होकार, होकार. तेहोक असा उठला जसं काही त्यानंच देवीला त्रिकोण शिकवलेत. मग ऊथो, त्याला गुडघे टेकता येत नाहीत म्हणून उभ्यानंच. "आई, माझी बिनदांडीची फ्रेम डोंगराला बरी आहे ना?" होकार, होकार, होकार.

पुजारी म्हणाला, "आईनं कुणाला खोटं पाडलेलं नाही. तुम्ही अजून काय विचारणार?" दोन्हीतली कुठली बरी, हे एका प्रश्नात विचारायला हवं होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा कोरी परत देव्हाऱ्यात गेल्या होत्या, आणि त्याच दिवशी तोच विषय काढून देवीला छळणं बरं दिसत नाही.

तेव्हा तेहोक म्हणाला, "ठीक. मग पालखीच्या दिवशी मी माझ्या सायकलवर तुझ्या मागं येतो. तीच वाट, तीच माती. समोरासमोर होऊन जाऊ दे."

"ये," ऊथो म्हणाला.

सगळ्या सांखेंगनं माना डोलावल्या. मीही डोलावली. या योजनेत एक भोक होतं, चांगलं बैल जाईल एवढं, पण ते आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही.

उरलेले दिवस ऊथो पडवीतून बाहेर पडला नाही. अनवाणी पायाला पायडलचे दात लागू नयेत म्हणून त्यावर जुन्या टायरचा तुकडा शिवला. थाळी हँडलला टांगली. डुकराचा पाय छत्रीला बांधला तर सायकल एका बाजूला कलायची, म्हणून तो त्या मोकळ्या पोटात अडकवायचा असं ठरलं. मी रोज जायचो. एकदा बसूनही बघितलं, अंगणातून दारापर्यंत. गवताच्या भाऱ्यावर बसून कुणी आपल्याला ओढत नेतंय असं वाटलं. किमहिया दारात उभी होती. म्हणाली, "यानदादा, तुम्ही सगळे ह्या पट्टीचं, त्या नळीचं बोलता. गेल्या वर्षी बनातून परत आले तेव्हा यांनी ते जाकीट पेटीत ठेवलंच नाही. खुर्चीवर टाकलं आणि त्याच्याकडं बघत बसले. तेवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

मी ध्यानात ठेवलं.

पालखीच्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं होतं, पण आदले दिवस पाऊस झालेला, लाल माती नुसता साबण. ऊथो त्या सोंगात देवळातून बाहेर आला, सायकल आडवी कलती केली आणि दुखरा पाय जमिनीपासून वीतभर उचलून पोकळीतून पलीकडं ठेवला. बसला. इथं आपण आलो होतो. डुकराचा पाय, तांब्या, एक ठोका, निघाला. त्याच्या मागं तेहोक, नवी कोरी पॅंट घालून. त्यानंतर बऱ्याच वेळानं ढोल, ताशे, फटाके, मग धूपदानी घेऊन मी आणि माझ्या मागं पालखी.

पुढचं काही मी बघितलं, काही मला तेहोकनं सांगितलं, आणि जे त्यानं सांगितलं ते त्याच्याच विरुद्ध जात असल्यामुळं मी खरं धरतो.

नाशपातीच्या बागांतून दोघं बरोबरीनं गेले. मग लाकडं वाहायच्या जुन्या रुळांची वाट लागते. रूळ केव्हाच उखडून नेले, खालचे लाकडी ओंडके तसेच आहेत, एकाआड एक. तिथं तेहोकचे दात वाजायला लागले. पुढं ऊथो मात्र पट्टीवर झुलत, "आई येतेय हो!" करत, शब्दसुद्धा न तुटता. थाळी हँडलला असल्यामुळं प्रत्येक ओंडक्याला आपोआप ठण् वाजायची. वरच्या बागेतल्या बायका म्हणाल्या, आज थाळीवाला फार घाईत दिसतो.

पुढं लाल माती. तेहोक दर थोड्या वेळानं उतरून काडीनं चाकाजवळचा चिखल उकरायचा. ऊथोच्या मागच्या चाकानं उडवलेला चिखल कुठं जात होता? तेहोकच्या नव्या पॅंटवर.

"दाजी, मुद्दाम उडवतोयस!"

मागं वळून बघायचं नाही हा नियम. ऊथो पुढं तोंड करूनच ओरडला, "अडकायला काही नाही ना, म्हणून उडतो!"

आणि मग बनाचा चढ लागला. तिथं ऊथो खरंच वरखाली नाचायला लागला, सायकल गोगलगाय झाली. तेहोकचा चेहरा उजळला. त्यानं पुढं वाकून जोर लावला, दोन त्रिकोण सरळ दगडासारखे चढले, आणि ऊथोच्या मागच्या चाकाला जवळजवळ टेकले. तिथं तेहोकच्या ध्यानात आलं.

थाळीवाल्याच्या पुढं जाता येत नाही!

तो पाय टेकून उभा राहिला. ऊथो नाचत नाचत थोडा वर गेला. तेहोकनं परत जोर लावला, परत गाठलं, परत पाय टेकले. सगळा चढ त्यानं असा काढला. त्याची फ्रेम चढाला किती चांगली आहे हे त्याला कळत होतं, पण दाखवायची सोय नव्हती. तो ओरडला, "दाजी, जरा बाजूला हो, दोनच मिनिटं!"

"मी झालो असतो रे," पुढून आवाज आला, "पण हे जाकीट होत नाही."

एवढ्यात खाली आमच्याकडं पालखी हलकी झाली. कधी ती जड होते, चार माणसांना पाऊल उचलू देत नाही. कधी हलकी होते आणि खांदेकऱ्यांना ओढत पळते. ते पोरांच्या हातात नसतं. त्या दिवशी ती हलकी झाली आणि मी धूपदानी सांभाळत पुढं धावतोय, छातीचा भाता झालेला. बन संपलं, वळण आलं. वळणावरून खालचा ओढा दिसतो. आणि मी बघितलं की दोघं ओढ्याच्या अलीकडंच उभे आहेत.

तेहोकनं आपल्या सायकलीच्या त्रिकोणात खांदा घातला होता, सायकल पाठीवर, तयार. पण ऊथोच्या आधी पाण्यात पाऊल टाकायचं नाही. ऊथो आपल्या सायकलीकडं बघतोय. उचलायला काही नाही, आणि उचलली असती तरी ओल्या गोट्यांवरून तो खुबा त्याला वजन घेऊन पलीकडं जाऊ देणार नाही. ढोल त्यांना ऐकू येत असणार. वळण उतरलो की आम्ही त्यांच्या पाठीशी. मी पोरांना म्हटलं, "हळू रे!" पुढचा खांदेकरी म्हणाला, "काका, आम्ही कुठं पळतोय? ती पळतेय!"

आता काय झालं ते नीट ऐका, कारण चहाच्या टेबलावर इतके दिवस बोलून हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. ऊथोनं डुकराचा पाय पोटातून काढून गळ्यात अडकवला. आणि तो त्या मोकळ्या जागेत उभा राहिला. बसला नाही. दोन्ही पाय जमिनीवर, जाड नळी गुडघ्यांच्या मधे खाली, मागं पट्टी, पुढं हँडल. ब्रेक दाबून धरले, सायकल खांबासारखी घट्ट. एक पाय टाकला. ब्रेक सोडले, हातभर पुढं ढकलली, परत दाबले. दुसरा पाय टाकला. तान्ही पोरं पांगुळगाड्यात उभी राहून चालतात ना, अगदी तसा, पाण्यातून, गोट्यांवरून, गळ्यात डुकराचा पाय. आणि पाऊल टाकता टाकता थाळीवर ठोका. घसरला की सायकलीवर रेलायचा, पडायला जागाच नव्हती. दांडी असती तर दुखरा पाय तिच्यावरून पलीकडं टाकता आला नसता, आणि असं मधे उभं राहणं जमलंच नसतं.

तो पलीकडं लागला, वीतभर पाय उचलून बसला, आणि गेला. मागं न बघता.

मग तेहोकनं पाण्यात पाऊल टाकलं. आमचे ढोल त्याच्या कानाशी वाजत होते, त्यानं घाई केली, आणि एका गोट्यानं त्याला अलगद बसवलं. सायकल गळ्यात, पाणी छातीपर्यंत, तोंड आमच्याकडं. पालखीला वाटेतला माणूस ओलांडून जायला काही हरकत नसते, उलट तो त्याचा भाग्याचा दिवस. लोक मुद्दाम वाटेत लोटांगण घालतात, पालखी डोक्यावरून जावी म्हणून. आई त्याच्या डोक्यावरून गेली. तेहोकनं हात जोडले. जोडता येतील तेवढे, मधे फ्रेम होती.

तिंगलूनच्या पायरीशी आम्ही पोचलो तेव्हा ऊथो तिथं उभा होता, थाळी खाली धरून, जाकिटातून वाफ निघत होती. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. मी धूपदानी ठेवली. पायरीशी आधी कोण होतं ते सगळ्यांना दिसत होतं. नूडलवाल्याच्या जावयानंच त्याच्या हातात पहिला चहा दिला.

दुपारी अंगणात तेलावर परतलेला चिकट भात आणि आल्याचं सूप. तेहोकची नवी पॅंट बांबूवर वाळत होती आणि तो किमहियाची फुलाफुलांची ओढणी गुंडाळून जेवत होता. किमहिया म्हणत होती, "लहानपणी पण असाच ओढ्यात बसायचा. तेव्हा सायकल नव्हती एवढंच." तेहोक प्रत्येकाला त्या चढाविषयी सांगत होता. "तुम्ही होता का तिथं? मी दर वेळी थांबलो म्हणून! नाही तर केव्हाच पुढं गेलो असतो." आणि ते खरंच होतं, म्हणून कुणाला धड हसताही येईना.

मला मात्र राहवेना. इतके दिवस चॉपस्टिक्स बांधून बसलेला माणूस मी. मी भाताचा वाडगा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ऊथो, आता तूच सांग. दोन्ही डोंगर चढल्या, दोन्ही धड आहेत, चीर कुणालाच नाही. खरं सांग, कुठली फ्रेम बरी?"

तेहोकचा सूपचा घोट अर्ध्यात राहिला. ऊथोनं थाळी मांडीवर घेतली, बाहीनं तिच्यावरचा लाल चिखल पुसला, आणि म्हणाला,

"यानदादा, असं एका फेरीत ठरत नसतं हो. चढावर तेहोकला मी पुढं जाऊ दिलं नाही, आणि ओढ्यात तो बसूनच राहिला, म्हणजे त्याच्या सायकलीवर अन्यायच झाला की नाही? तेव्हा पुढच्या वर्षी परत बघू, त्याच्या पुढच्या वर्षी परत. थाळी मी घरीच नेतो, चिखल नीट घासून काढायला हवा."